पंडिता रमाबाई आणि हिब्रू संदेष्टे : न्याय, मूर्ती आणि मागे फिरणे



समाजसुधारकांचा धडा शिकवताना पंडिता रमाबाईंचं नाव आपण दोन-तीन ओळींत उरकतो. शारदा सदन, मुक्ती सदन, केडगाव. मुलं एवढं पाठ करतात, परीक्षेत रिकाम्या जागा भरतात आणि पुढच्या धड्याकडे वळतात. पण याच बाईंनी आयुष्याच्या शेवटच्या पंधरा-सोळा वर्षांत एक वेगळंच काम केलं, ते आपल्या पुस्तकांत सहसा येत नाही. उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि संपूर्ण बायबल मूळ भाषांतून मराठीत आणलं. त्यात यशया, यिर्मया, यहेज्केल, होशेय, आमोस अशा प्राचीन हिब्रू संदेष्ट्यांची पुस्तकं होती. देवाचा न्याय, मूर्तिपूजेचा निषेध आणि पश्चात्ताप हे त्या पुस्तकांचे मुख्य विषय.

आता तुम्ही विचाराल, आपल्या गारगोटीच्या शाळेत या दूरदेशीच्या ग्रंथांचं काय काम? काम आहे. रमाबाईंचं आयुष्य आणि ते संदेष्टे शेजारी-शेजारी ठेवून वाचले, तर दोन्ही जास्त नीट कळतात. आपण धर्माचा प्रचार करायला बसलो नाही आणि निंदा करायलाही नाही. एक मोठी मराठी बाई कशी घडली आणि तिने कोणते प्रश्न विचारले, एवढंच समजून घेऊ.

संदेष्टे म्हणजे कोण?

आधी थोडी पार्श्वभूमी. संदेष्टा म्हटलं की आपल्याला भविष्य सांगणारा ज्योतिषी आठवतो. हिब्रू संदेष्टे तसे नव्हते. समाजाचं वर्तमान बिघडलंय हे राजाच्या आणि पुजाऱ्याच्या तोंडावर सांगणारी ही माणसं. आमोस हा तकोवा गावचा मेंढपाळ. इसवी सनापूर्वी आठव्या शतकात तो उत्तरेकडच्या राज्यात बेथेलच्या देवस्थानी गेला आणि बोलू लागला. त्याच्या बोलण्याची पद्धत बघा. आधी त्याने शेजारच्या राज्यांचे गुन्हे मोजले. ऐकणारे खूश झाले असतील, कारण दुसऱ्याची चूक ऐकायला सगळ्यांनाच गोड लागते. मग त्याने हळूच मोर्चा ऐकणाऱ्यांकडेच वळवला. तुम्ही गरिबाला जोड्यांच्या किमतीला विकता, खोटी मापं वापरता आणि वर सण-यज्ञ थाटात करता. असले सण देवाला नकोत, त्याला न्याय हवा, असा त्याच्या बोलण्याचा सारांश.

यशयाने यरुशलेमात तेच सांगितलं. हात रक्ताने माखलेले असताना प्रार्थनेला ते पसरून उपयोग नाही. आधी हात धुवा, अनाथाला न्याय द्या, विधवेची बाजू घ्या. पुढे यिर्मयाने तर मंदिराच्या दारात उभं राहून लोकांना बजावलं की मंदिर आपलं आहे म्हणून आपण सुरक्षित आहोत या भ्रमात राहू नका. परका, अनाथ आणि विधवा हे तिघे पुन्हा पुन्हा येतात. समाज सरळ आहे की वाकडा हे ओळखण्याची संदेष्ट्यांची मोजपट्टीच ही तीन माणसं.

पुढे जे घडलं तो इतिहास आहे. इ.स.पू. ७२२ च्या सुमारास उत्तरेचं राज्य अश्शूरी सैन्याने बुडवलं. इ.स.पू. ५८६ च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने यरुशलेम आणि तिथलं मंदिर जाळलं आणि लोकांना बंदी करून नेलं. हा देवाचा न्याय होता, असं संदेष्ट्यांनी म्हटलं. जगाच्या इतिहासात हे विलक्षणच. हरल्यावर लोक शत्रूला शिव्या देतात किंवा आपला देव दुबळा ठरला म्हणतात. यांनी मात्र आपलं काय चुकलं, हे विचारलं.

ही मोजपट्टी लक्षात ठेवा. आता आपण रमाबाईंकडे वळू.

रानातली पोर

२३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या कानडी मुलुखातल्या गंगामूळ या रानात रमाबाईंचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे गाढे पंडित. त्यांचे गुरू पेशव्यांच्या घरातल्या बाईंना संस्कृत शिकवत. ते पाहून तरुण अनंतशास्त्रींच्या मनात आलं की आपणही आपल्या बायकोला शिकवायचं. घरच्यांनी आणि समाजाने विरोध केला. शेवटी ते बायकोला, लक्ष्मीबाईंना, घेऊन रानात जाऊन राहिले आणि तिथे त्यांना शिकवलं. या गुन्ह्याबद्दल त्यांना उडुपीला धर्मसभेपुढे उभं राहावं लागलं. बायकांना संस्कृत शिकवायला वेदांखेरीज कुठेही मनाई नाही, हे त्यांनी शास्त्राचे आधार देऊन दाखवलं.

लक्ष्मीबाईंनी पुढे मुलीला शिकवलं. वयाच्या पंधराव्या वर्षापर्यंत रमेला भागवताचे १८,००० श्लोक तोंडपाठ होते. आज आपण पाठांतराला नावं ठेवतो, पण या मुलीच्या पाठांतरात अर्थ समजणं होतं, हे पुढे दिसून आलं.

रमा लहान असतानाच कुटुंबाने घर सोडलं. आई-वडील, भाऊ श्रीनिवास, बहीण कृष्णाबाई आणि रमा तीर्थाहून तीर्थाला पायी फिरू लागले. देवळात बसून पुराण सांगायचं आणि लोक देतील त्यावर राहायचं. जे होतं ते दानधर्मात, व्रतांत, देवांच्या सेवेत खर्च झालं. मग दक्षिणेत दुष्काळ आला. पैसे संपले, भांडी विकली, कपडे विकले. मोलमजुरी करायची तर पंडिताच्या घराण्याची प्रतिष्ठा आडवी आली. उपवास, जप, प्रदक्षिणा चालूच होत्या आणि माणसं उपाशी होती.

१८७४ मध्ये वडील गेले. काही महिन्यांतच आई गेली. आईला खांदा द्यायला चार माणसं मिळेनात. दोन ब्राह्मणांना दया आली. तिसरा भाऊ आणि चौथी रमा. ती उंचीने लहान, म्हणून तिरडीचं टोक तिला डोक्यावर घ्यावं लागलं. मसणवाट दूर होती. नंतर बहीणही गेली. उरले भाऊ-बहीण दोघे.

इथे जरा थांबा. ज्या देवांसाठी सगळं दिलं ते संकटात का आले नाहीत, हा प्रश्न त्या पोरीच्या मनात उभा राहिला. तो प्रश्न तिला कुण्या पाद्र्याने शिकवला नाही, तो भुकेने शिकवला. मूर्तीविषयीचा तिचा प्रश्न पुस्तकातून आलेला नव्हता, ही गोष्ट तिचं चरित्र शिकवताना विसरू नये.

पंडिता झाली, विधवाही झाली

भाऊ-बहीण उत्तर भारतभर पायी फिरत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या विद्वानांनी तिची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. वीस वर्षांची मुलगी, तीही अशी! देशभर नाव झालं. याच काळात तिने धर्मशास्त्रं बारकाईने वाचली. तिला एक गोष्ट खटकली. या ग्रंथांचं इतर बाबतीत एकमेकांशी पटत नाही, पण बाई आणि शूद्र यांना हीन ठरवण्यात मात्र सगळ्यांचं एकमत.

१८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. जात वेगळी, प्रांत वेगळा, भाषा वेगळी. १८८१ मध्ये मुलगी मनोरमा जन्मली. १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीच्या साथीत नवरा गेला. तेवीस वर्षांची बाई, कडेवर दहा महिन्यांचं पोर, आई-बाप-भाऊ-बहीण कुणी नाही. आता आठवा ती मोजपट्टी. अनाथ, विधवा आणि सगळीकडे परकी. संदेष्ट्यांनी मोजलेली तिन्ही माणसं या एका बाईत एकत्र आली होती.

त्या काळच्या विधवेचं दुःख नुसतं एकटेपणाचं नव्हतं. तिच्यावर आरोप होता. मागच्या जन्मीच्या पापामुळे तू नवऱ्याला खाल्लंस, असं तिला ऐकवलं जाई. म्हणजे निकाल आधीच लागलेला, आणि गुन्हा कोणता हे आरोपीलाही ठाऊक नाही!

यहेज्केल नावाच्या संदेष्ट्याची आठवण इथे होते. बाबेलच्या बंदिवासातल्या लोकांत एक म्हण रूढ होती. तिचा भाव असा, की बापाने आंबट द्राक्षं खावीत आणि दात पोरांचे आंबावेत. पूर्वजांच्या पापाची शिक्षा आम्ही भोगतोय, आमच्या हातात काही नाही, असं म्हणून लोक हातपाय गाळून बसले होते. यहेज्केलने ती म्हणच मोडीत काढली. बापाचं पाप मुलावर नाही आणि मुलाचं बापावर नाही. ज्याचं त्यानेच उत्तर द्यायचं, आणि जो वाईट वाटेवरून फिरेल तो जगेल. न्यायाच्या या कल्पनेत शिक्षेची भीती आहे, पण सुटकेचा दरवाजाही आहे. कपाळी लिहिलेलं पाप हा शेवटचा शब्द नाही. विधवेच्या कपाळावरचं लिखाण पुसायला निघालेल्या बाईला हे अध्याय किती जवळचे वाटले असतील, याचा विचार तुम्हीच करा.

पुणे, इंग्लंड, अमेरिका

१८८२ मध्ये रमाबाई पुण्याला आल्या. आर्य महिला समाज काढला, 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिलं. हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष देऊन मुलींसाठी बाई शिक्षिका आणि बायकांसाठी बाई डॉक्टर हव्यात, असा आग्रह धरला.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. तिथे फुलम इथल्या एका आश्रमात त्यांना नेण्यात आलं. समाजाने वाईट चालीच्या म्हणून टाकलेल्या बायकांची ख्रिस्ती जोगिणी तिथे सेवा करत होत्या. अशा बायकांना शिक्षा देणारे त्यांनी पुष्कळ पाहिले होते, जवळ घेणारे पहिल्यांदाच पाहिले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज इथे त्यांनी आणि लहानग्या मनोरमेने बाप्तिस्मा घेतला.

महाराष्ट्रात खळबळ उडाली. पण इकडे महात्मा फुल्यांनी १८८५ च्या 'सत्सार' या अंकांतून त्यांची बाजू घेतली, हेही मुलांना सांगा.

रमाबाई धर्म बदलून मुकाट बसल्या, असं मात्र नाही. इंग्लंडमधल्या जोगिणींशी आणि धर्माधिकाऱ्यांशी त्यांचे वाद झाले. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये असं बिशपांचं म्हणणं होतं, तेही त्यांनी मुकाट मान्य केलं नाही. क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, आपली संस्कृत का नकोत, असंही त्यांनी विचारलं. शाकाहार सोडला नाही. माणसाने उभारलेल्या अधिकारापुढे मान तुकवायची नाही, ही सवय त्यांनी हिंदू पंडितांपुढे जशी दाखवली तशीच इंग्रज धर्मगुरूंपुढेही दाखवली.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभाला त्या फिलाडेल्फियाला गेल्या आणि दोन-अडीच वर्षं अमेरिकेत राहिल्या. तिथे १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी इंग्रजी पुस्तक लिहिलं. ते खपलं आणि मदत जमली. आता आमोसाची पद्धत आठवा. शेजाऱ्याची चूक ऐकायला सगळ्यांना आवडतं, तसं अमेरिकन लोकांना हिंदूंची चूक ऐकायला आवडलं असेल. पण परत आल्यावर १८८९ मध्ये रमाबाईंनी मराठीत 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' हे पुस्तक लिहिलं. त्यात अमेरिकेचं कौतुक आहे, तसा गुलामगिरीचा कलंक, मूळ रहिवाशांवरचा अन्याय आणि बायकांना न मिळालेले हक्क यांचाही हिशेब आहे. एकाच मापाने सगळ्यांना मोजणारी ही बाई.

शारदा सदन आणि तुटलेली नाती

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झालं. विधवांसाठी आणि मुलींसाठी शाळा. पहिल्या विद्यार्थिनींत होत्या गोदूबाई. पुढे १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी त्यांचा पुनर्विवाह झाला आणि त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. १८९० च्या अखेरीस शाळा पुण्याला आली. धर्माच्या बाबतीत शाळा तटस्थ राहील असं ठरलेलं होतं. न्या. रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळात होते.

पण काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला जाऊन बसू लागल्या. 'केसरी'ने टीका केली. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांनी मंडळ सोडलं आणि बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. या प्रसंगात कोण बरोबर यावर आजही वाद होऊ शकतो. शाळा तटस्थ म्हणायची आणि प्रमुख बाईंची प्रार्थना उघड्या दाराने व्हायची, यात पालकांना काळजी वाटणं समजण्यासारखं आहे. उलट, माझ्याच खोलीत मी प्रार्थना करायची नाही का, हा रमाबाईंचा मुद्दाही खोटा नाही. आपण शिक्षक आहोत. विश्वास आपला असतो आणि लेकरं लोकांची असतात, हा पेच आपल्याला चांगला ठाऊक आहे. वर्गात हा प्रसंग निकाल न देता मांडावा, असं मला वाटतं.

दुष्काळ आणि केडगाव

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात भयंकर दुष्काळ पडला. आपल्या लहानपणीची भूक रमाबाई विसरल्या नव्हत्या. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि ३०० च्या आसपास मुली-बायका घेऊन आल्या. पुणे-दौंड लोहमार्गावर केडगावला जमीन घेतलेली होती. तिथे मुक्ती सदन उभं राहिलं. १९०० च्या गुजरात-राजस्थानच्या दुष्काळात आणखी शेकडो जणी आल्या आणि संख्या हजारावर गेली. शेती, दुग्धालय, विणकाम, शिवण, छपाई अशी कामं मुली शिकल्या. अंधांसाठी ब्रेल लिपीचं शिक्षण सुरू झालं. समाजाने टाकलेल्या बायकांसाठी कृपा सदन निघालं. पंडिताच्या घराण्यात मजुरीची लाज वाटून माणसं मेली होती; त्याच घराण्याच्या लेकीने हजार मुलींना हाताने काम करायला शिकवलं. मागे फिरणं म्हणतात ते असंही असतं.

१८९७ मध्ये पुण्यात प्लेग आला. सरकारी प्लेग व्यवस्थेत बायकांना कशी वागणूक मिळते, याबद्दल रमाबाईंनी मुंबईच्या एका ख्रिस्ती इंग्रजी पत्रात उघड लिहिलं. राज्यकर्ते त्यांच्याच धर्माचे, मदत करणारेही त्याच धर्माचे. तरी त्यांनी गप्प राहणं पत्करलं नाही. यिर्मयाने मंदिराच्या दारात जे केलं, त्याच जातीचं हे धाडस. परक्यांच्या देवळापुढे ओरडणं सोपं असतं, आपल्या देवळाच्या दारात बोलणं अवघड.

मूर्तीचा प्रश्न

आता तो नाजूक मुद्दा. संदेष्टे मूर्तिपूजेच्या ठाम विरोधात होते. यशयाच्या पुस्तकात एक उपरोधिक चित्र आहे. एक माणूस झाड तोडतो, अर्ध्या लाकडावर भाकरी भाजतो, शेकत बसतो आणि उरलेल्या अर्ध्याचा देव करून त्याच्याच पाया पडतो. होशेयाने तर देव आणि लोक यांचं नातं नवरा-बायकोच्या नात्यासारखं मानलं आणि दुसऱ्या देवांमागे जाणं म्हणजे व्यभिचार म्हटलं.

आपल्याकडे नामदेव-तुकोबांपासून गाडगेबाबांपर्यंत अनेकांनी शेंदूर फासलेल्या दगडापुढे बोकड कापणाऱ्यांना आणि नवसाच्या नावाखाली पैसा उधळणाऱ्यांना फटकारलं आहे. म्हणून हा सूर आपल्याला अगदी अनोळखी नाही. पण फरक आहे तो लपवू नये. आपल्या वारकरी संतांनी विठ्ठलाची मूर्ती सोडली नाही. संदेष्टे मूर्तीच नको म्हणतात. अंबाबाईला, ज्योतिबाला, आदमापूरला जाणाऱ्या आपल्या घरांतल्या मुलांना हे शिकवताना कुणाच्या श्रद्धेची टिंगल होऊ देऊ नये. त्याच वेळी संदेष्ट्यांचा खरा रोख कुठे आहे तेही दाखवावं. यहेज्केल तर मनात मांडलेल्या मूर्तींबद्दलही बोलतो. माणूस ज्याच्यासाठी दुसऱ्या माणसाचा बळी द्यायला तयार होतो, ती त्याची मूर्ती. घराण्याची इभ्रत ही मूर्ती असू शकते, पैसा असू शकतो, परीक्षेतले टक्केसुद्धा असू शकतात. ज्या समाजाने इभ्रतीसाठी दहा वर्षांच्या विधवेला कोपऱ्यात बसवलं, त्याच्या घरात कोणती मूर्ती मोठी होती?

पश्चात्ताप की मागे फिरणे?

भाषा शिकवणाऱ्यांनी हा भाग जरूर घ्यावा. पश्चात्ताप हा आपला संस्कृत शब्द म्हणजे पश्चात् अधिक ताप. नंतर होणारी जळजळ. संदेष्टे ज्या हिब्रू क्रियापदाने बोलतात ते आहे शूव. त्याचा साधा अर्थ मागे फिरणे, वळणे, परत येणे. वाट चुकलेला माणूस वळतो, तसं. एका शब्दात मन जळतं, दुसऱ्यात पाय वळतात. नुसतं रडून भागत नाही, वाट बदलावी लागते.

योनाची गोष्ट या अर्थासाठी उत्तम. निनवे नगर चाळीस दिवसांत उलथून पडेल, असं योना सांगतो. पण निनवेचे लोक वाईट वाट सोडतात आणि देव शिक्षा मागे घेतो. गंमत म्हणजे संदेष्टाच रुसून बसतो! त्याला नगर बुडालेलं पाहायचं होतं. न्यायाचा इशारा दिला जातो तो खरा ठरावा म्हणून नव्हे, तर माणसं सावध होऊन तो टळावा म्हणून. आपण पालकसभेत एखाद्या मुलाबद्दल काळजी बोलून दाखवतो, तेव्हा आपल्यालाही आपलं भाकीत खोटं ठरायलाच हवं असतं, नाही का?

१९०५ च्या जूनमध्ये मुक्ती सदनात प्रार्थनेची मोठी लाट आली. शेकडो मुली रडून आपल्या चुका कबूल करू लागल्या. देशोदेशी तिची चर्चा झाली. या काळाच्या आगेमागे रमाबाईंनी अनुवादाचं काम हाती घेतलं.

हिब्रूतून मराठीत

मराठी आणि हिब्रूचं नातं त्याआधीचं आहे. कोकणात, अलिबागच्या परिसरात, बेने इस्राएल लोक पिढ्यान्‌पिढ्या राहिले. तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून शनिवार तेली. घरात मराठी बोलणारे आणि मनात हिब्रू प्रार्थना जपणारे. १८३२ मध्ये जॉन विल्सन यांनी मराठीतून हिब्रू व्याकरणाचं पुस्तक काढलं होतं. मराठी बायबलही आधीपासून होतं. कॅरी यांनी श्रीरामपूरला, बंगालमध्ये, १८११ मध्ये नवा करार छापला आणि १८४७ पर्यंत संपूर्ण बायबल मराठीत आलं.

मग रमाबाईंनी पुन्हा कशाला केलं? कारण त्यांच्यासमोर केडगावच्या खेडवळ बायका होत्या. आधीच्या अनुवादांची संस्कृतप्रचुर मराठी त्यांना कळत नव्हती. १८,००० संस्कृत श्लोक ज्यांना तोंडपाठ, त्या बाईंनी ठरवलं की अवघड संस्कृत शब्द टाळायचे आणि साध्या बाईला समजेल अशी मराठी लिहायची. त्यासाठी त्या पन्नाशीच्या आसपास असताना नव्या दोन भाषांशी झुंजल्या. खिळे जुळवणं, छपाई, बांधणी ही कामं मुक्ती सदनातल्याच बायकांनी केली. ज्यांना अक्षर शिकायची बंदी होती त्याच आता ग्रंथ छापत होत्या. विधवा आणि अनाथ यांच्या न्यायाबद्दलची वाक्यं विधवा आणि अनाथ मुलींच्या हातांनी जुळवली जात होती.

१९१९ मध्ये सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिलं. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. आईचा उजवा हात, संस्थेची पुढची आशा. चाळिशीची लेक. रमाबाईंनी काम सोडलं नाही. शेवटची मुद्रितं तपासण्यापुरते दिवस त्यांनी देवाकडे मागून घेतले, असं चरित्रकार सांगतात. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचं निधन झालं. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झालं.

आपल्या कोल्हापूरकरांसाठी एक नोंद. रमाबाईंनंतर एकाच महिन्याने, ६ मे १९२२ रोजी, राजर्षी शाहू महाराज गेले. १९१७ मध्ये महाराजांनी संस्थानात विधवा पुनर्विवाहाला कायद्याचा आधार दिला आणि सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण आणलं. दोघांचे मार्ग वेगळे, धर्म वेगळे. एकाच्या हाती राजदंड, दुसरीच्या हाती लेखणी आणि छापखाना. पण कुणाला मोजायचं याची पट्टी दोघांची एकच होती.

वर्गात काय घ्याल?

आठवी-नववीच्या मुलांसमोर पुढचे प्रश्न ठेवून बघा. उत्तर आपण देऊ नये, त्यांना बोलू द्यावं.

१. आपल्या गावात आज परका, अनाथ आणि एकटी बाई कोण? ऊसतोडीला आलेल्या कुटुंबातली मुलं यांत बसतात का?

२. न कळलेल्या गुन्ह्याची शिक्षा भोगणारं कुणी तुमच्या पाहण्यात आहे का? नाव न घेता सांगा.

३. चूक झाल्यावर वाईट वाटणं आणि वाट बदलणं यांत फरक काय? एक उदाहरण द्या.

४. रमाबाईंनी सोपी मराठी का निवडली? विज्ञानाच्या पुस्तकातला एक अवघड परिच्छेद तुमच्या आजीला समजेल असा लिहा.

पालकांनाही एक विनंती. मुलगा घरी येऊन मूर्ती, देव, न्याय यांवर आडवे प्रश्न विचारू लागला तर दटावू नका. रमाबाईंचे सगळे प्रश्न असेच आडवे होते. त्यांची उत्तरं आपल्याला पटोत न पटोत, त्या प्रश्नांमुळे केडगावात हजार मुली जगल्या आणि शिकल्या, एवढं तरी कुणालाही मान्य व्हावं. पुढच्या वेळी रिकामी जागा भरताना मुलांनी शारदा सदन लिहिलं, की त्यांना विचारा, ते का काढावं लागलं?